परवान्याचे पिस्तूल साफ करताना : आधी मॅगझिन, मग चेंबर

जळगावचा सराफ बाजार, सावदा-रावेरकडील केळीचा व्यवहार, धुळ्याचे मार्केट यार्ड. रोख रकमेची ने-आण करणारे व्यापारी खानदेशात सर्वत्र आहेत. त्यांतील काहींकडे परवान्याचे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर असते. परवान्यासाठी हे बंधू जिल्हाधिकारी कार्यालयाच्या खेपा घालतात, पोलीस ठाण्याची चौकशी सोसतात; मात्र एकदा हत्यार हाती आले की ते कपाटात जाऊन बसते. निवडणुकीच्या काळात ठाण्यात जमा करण्याचा आदेश आला किंवा परवान्याचे नूतनीकरण निघाले की ते बाहेर काढले जाते. त्यावर धूळ दिसते, कुठे तांबूस डाग दिसतो, आणि मालक घरच्या घरीच ते खोलून पुसायला बसतो. अपघात होतात ते बहुधा अशाच वेळी.

आमच्या परिचयाच्या एका कापूस व्यापाऱ्याच्या घरी घडलेली गोष्ट सांगतो. शुक्रवारची दुपार होती, दुकान बंद होते. शेठ पिस्तूल घेऊन बसले. त्यांनी वरची स्लाइड मागे ओढली, तसे एक काडतूस उडून सतरंजीवर पडले. 'झाले रिकामे' असे म्हणून त्यांनी स्लाइड सोडून दिली. मग मुठीतले मॅगझिन काढून बाजूला ठेवले. स्लाइड उतरवण्याआधी चाप ओढावा लागतो, म्हणून त्यांनी तो ओढला. गोळी सुटली आणि समोरच्या लाकडी कपाटातून आरपार जाऊन भिंतीत रुतली. त्याच वेळी चहा घेऊन दारात आलेला पुतण्या कपाटापासून दोन हातांवर उभा होता. कोणाला इजा झाली नाही, हे नशीब. घाबरलेल्या पुतण्याने नंतर आम्हाला विचारले, "चाचा, मॅगझिन तर बाहेर काढले होते ना?"

मॅगझिन बाहेर होते हे खरे. पण चूक त्याच्या आधीच झाली होती. ती चूक कोणती हे वाचकांनी समजून घ्यावे, एवढ्यासाठीच हा लेख आहे.

चूक कुठे होते?

पिस्तुलात काडतुसे दोन ठिकाणी असू शकतात. एक, मुठीत बसणाऱ्या मॅगझिनमध्ये; दुसरे, नळीच्या मागच्या टोकाला असलेल्या चेंबरमध्ये. स्लाइड मागे ओढली की चेंबरमधले काडतूस बाहेर फेकले जाते. ती पुढे गेली की मॅगझिनमधले सर्वांत वरचे काडतूस तिच्याबरोबर ढकलले जाऊन चेंबरमध्ये बसते. पिस्तुलाची रचनाच तशी आहे. एक गोळी सुटली की दुसरी आपोआप तयार व्हावी, हेच तिचे काम.

शेठजींनी मॅगझिन आत असतानाच स्लाइड ओढली. एक काडतूस बाहेर पडले, ते त्यांनी पाहिले. स्लाइड पुढे जाताना दुसरे काडतूस आत बसले, ते त्यांना दिसले नाही. त्यानंतर मॅगझिन काढून काही उपयोग नव्हता. चेंबर भरलेलेच राहिले.

म्हणून क्रम नेहमी एकच : आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड मागे. हा क्रम उलटा झाला की पिस्तूल रिकामे दिसते, पण भरलेले असते. काही पिस्तुलांत मॅगझिन काढल्यावर चाप चालू नये अशी सोय असते. परंतु सर्वच पिस्तुलांत ती नसते, आणि असली तरी जुन्या हत्यारात तिच्या भरवशावर राहू नये.

नामवंत माणसांनाही हा धोका चुकलेला नाही. १ ऑक्टोबर २०२४ रोजी मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या पायाला त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी लागली. प्रवासाला निघण्यापूर्वी ते कपाटात ठेवताना हातातून निसटले व गोळी सुटली, असे त्या वेळी सांगण्यात आले. भरलेले हत्यार हाताळण्याची वेळच येऊ देऊ नये, हा धडा आपण त्यातून घ्यावा.

बसण्यापूर्वीची तयारी

साफसफाईला एकट्याने बसावे. खोलीचे दार लावून घ्यावे, मुलांना दुसरीकडे पाठवावे, फोन बंद ठेवावा. समोर चहा नको, गप्पा नकोत. थकलेले असताना किंवा झोपेची वेळ झालेली असताना हे काम काढू नये.

दिशा आधी ठरवावी. विटांची पातळ भिंत, लाकडी कपाट, पत्र्याचे दार यांतून गोळी सहज पार होते. सोपा उपाय म्हणजे काठोकाठ वाळू भरलेली मोठी बादली. बादली जमिनीवर ठेवावी आणि नळीचे तोंड वाळूकडे ठेवूनच पिस्तूल रिकामे करावे. सराफ बंधूंनी तर अशी बादली दुकानाच्या आतल्या खोलीत कायमची ठेवावी.

टेबलावर पांढरे, स्वच्छ कापड अंथरावे. लहान भाग त्यावर लगेच दिसतात. डोळ्यांवर चष्मा असावा. नंबरचा नसेल तर ग्राइंडरवर काम करताना लावतात तो साधा चष्माही चालेल. पिस्तुलातील स्प्रिंग दाबलेल्या स्थितीत असते. काही जुन्या .३२ बोअरच्या पिस्तुलांत नळीच्या तोंडाशी एक टोपण असते. ते फिरवताच स्प्रिंग जोरात बाहेर उडते. डोळा जायला तेवढे पुरे आहे.

हत्याराबरोबर मिळालेली माहितीपुस्तिका जवळ असावी. प्रत्येक बनावटीचे पिस्तूल थोडे वेगळे उघडते. आम्ही येथे सर्वसाधारण क्रम देत आहोत. स्लाइड नेमकी कोणत्या खुणेपाशी येऊन सुटते हे पुस्तिकेतच पाहावे. पुस्तिका हरवली असेल तर परवानाधारक हत्यार विक्रेत्याकडे जाऊन एकदा प्रत्यक्ष पाहून घ्यावे. अंदाजाने ठोकाठोकी करू नये.

रिकामे करण्याचा क्रम

१. पिस्तूल हातात घेताच बोट चापाबाहेर, नळीच्या बाजूने सरळ ठेवावे. नळीचे तोंड वाळूकडे असावे. शेवटपर्यंत या दोन गोष्टी सुटता कामा नयेत.

२. मॅगझिन बाहेर काढावे व लांब ठेवावे.

३. त्यानंतर स्लाइड पूर्ण मागे ओढावी. काडतूस बाहेर पडले किंवा पडले नाही, तरी आणखी दोनदा ओढावी. काडतूस हातात झेलण्याचा प्रयत्न करू नये; पडू द्यावे.

४. स्लाइड मागे अडकवून ठेवावी. उजेडात चेंबरमध्ये डोळ्याने पाहावे, मग करंगळीचे टोक घालून चाचपावे. डोळा फसतो, विशेषतः चाळिशी लागलेल्यांनी बोटावर अधिक भरवसा ठेवावा. मुठीत जेथे मॅगझिन बसते ती पोकळीही पाहावी.

५. मॅगझिनमधली व बाहेर पडलेली काडतुसे मोजून डबीत घालावीत आणि ती डबी दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवावी. साफसफाईच्या टेबलावर एकही काडतूस नको. दुसऱ्या खोलीतून परत आल्यावर चेंबर पुन्हा पाहावे. मधल्या काळात कोणी हात लावला नसेल, तरी पाहावे.

काही पिस्तुले उघडण्यासाठी चाप ओढावाच लागतो. तशा पिस्तुलात चाप ओढण्यापूर्वी चौथी पायरी आणखी एकदा करावी, आणि चाप ओढताना तोंड वाळूतच असावे. एवढे केल्यावर चूक राहिलीच, तरी गोळी वाळूत जाईल, माणसात नाही.

किती उघडावे?

साधारण पाच भाग सुटे होतात : स्लाइड, नळी, रिकॉइल स्प्रिंग, खालचा सांगाडा आणि मॅगझिन. काही बनावटींत नळी सांगाड्यालाच पक्की असते. ती काढू नये. सुटलेले भाग ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडावेत. जोडताना उजवीकडून सुरुवात केली की काही विसरत नाही.

यापुढे जाऊ नये. घोडा, चाप, सेफ्टी यांच्या खिळ्या आणि बारीक स्प्रिंगा सांगाड्याच्या आत असतात, त्यांना हात लावू नये. आमच्या कारागीर बंधूंना हे सांगणे अधिक जरूर आहे. ज्याच्या हाताखाली रोज इंजिन उघडते, त्याला पिस्तूल म्हणजे खेळणे वाटते. पण चाप आणि घोडा यांच्यामधली पकड केसाएवढी जरी झिजली वा घासली, तरी पिस्तूल हिसक्याने सुटू लागते. हा दोष बाहेरून दिसत नाही.

साफ करण्याची रीत

खानदेशातील हवा हत्याराला सोसत नाही. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, काळ्या मातीची धूळ उडते. जिनिंगच्या आसपास कापसाचा बारीक तंतू हवेत असतो. धुळ्यातील यंत्रमाग कारखान्यांतही तेच. जास्त तेल लावले की ही धूळ आणि तंतू तेलाला चिकटून त्यांचा चिखल होतो व स्लाइड अडकते. पावसाळ्यात याच्या उलट; तेल नसेल तर चार-आठ दिवसांत गंज धरतो. म्हणून तेल हवे, पण अगदी पातळ थराचे.

नळी मागून पुढे, म्हणजे चेंबरकडून तोंडाकडे साफ करावी. आधी सॉल्व्हंटमध्ये भिजवलेली चिंधी सळईने फिरवावी व काही मिनिटे थांबावे. मग ब्राँझचा ब्रश आठ-दहा वेळा फिरवावा. त्यानंतर कोरड्या सुती चिंध्या एकामागून एक घालाव्यात. चिंधी स्वच्छ निघू लागली की नळी साफ झाली. शेवटी तेलाचा एक थेंब लावलेली चिंधी फिरवावी. नळीच्या आत नागमोडी चऱ्या असतात, गोळीला फिरकी व सरळ दिशा त्या देतात. पॉलिश पेपर, लोखंडी काथ्या किंवा तारेचा ब्रश घातला की चऱ्या खराब झाल्याच. पेट्रोल वापरू नये, आणि काम चालू असताना विडी-सिगारेट मुळीच नको.

स्लाइडच्या आतील बाजू व काडतूस ओढणारी आकडी जुन्या दातांच्या ब्रशने साफ करावी. स्लाइड ज्या खाचांतून सरकते त्यांवर एक-एक थेंब तेल पुरे. चेंबर, मॅगझिनची आतील बाजू आणि फायरिंग पिनचे भोक कोरडे ठेवावे. काडतुसाला तेल लागले की ते बुडातील टोपीत शिरून काडतूस निकामी होऊ शकते. बंदुकीसाठी मिळणारे तेलच वापरावे. शेंगदाण्याचे किंवा खोबरेल तेल लावणारे आम्ही पाहिले आहेत. ते काही महिन्यांत चिकट होते आणि साफसफाईच व्यर्थ जाते.

काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत, मगच काही खावे. जळलेल्या दारूच्या काजळीत शिशाचा अंश असतो. वापरलेल्या चिंध्या घरात पडू देऊ नयेत.

भाग उलट क्रमाने जोडावेत. टेबलावर एकही तुकडा उरता कामा नये. रिकाम्या पिस्तुलाची स्लाइड दोन-तीनदा ओढून पाहावी, सेफ्टी लावून चाप अडतो का ते पाहावे. हेही तोंड वाळूकडे ठेवूनच. मग पिस्तूल कपाटात कुलूपबंद करावे. काडतुसे दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या कुलपात. साफ झालेले पिस्तूल भरून कोणाला दाखवण्याचा मोह टाळावा. साफसफाई संपली असे वाटते त्या क्षणीही अपघात होतात.

चामड्याच्या म्यानात पिस्तूल महिनोन्महिने ठेवू नये. चामडे ओलावा धरते व गंज चढतो. गोळी झाडली तर त्याच दिवशी साफ करावे. नुसते ठेवलेले असेल तर तीन महिन्यांनी एकदा, आणि पावसाळा संपताच एकदा.

रिव्हॉल्व्हर असेल तर

आपल्याकडे अनेकांजवळ सरकारी आयुध निर्माणीचे .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर असते. ते साफ करण्यासाठी खोलावे लागत नाही. कानपूरचे नेहमीचे रिव्हॉल्व्हर वरच्या कडीने मोडते. कडी दाबून नळी खाली केली की चक्र उघडे पडते. सहाही घरे एक-एक करून मोजावीत. सहा मोजल्याशिवाय 'रिकामे' हा शब्द तोंडी आणू नये. मग नळी व सहा घरे वर सांगितलेल्या रीतीने साफ करावीत. स्क्रू उघडू नयेत.

आणखी एक सावधगिरी. पिस्तुलाचे .३२ आणि रिव्हॉल्व्हरचे .३२ ही काडतुसे वेगळी आहेत. आकडा सारखा असला तरी लांबी व बुडाची घडण निराळी असते. घरात दोन्ही हत्यारे असतील तर काडतुसे वेगळ्या डब्यांत, नाव लिहून ठेवावीत.

कायदा काय म्हणतो?

शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे हत्यार बाळगण्याला परवाना लागतो, हे सर्वांना ठाऊक आहे. पण दुरुस्तीलाही वेगळा परवाना लागतो, हे अनेकांना ठाऊक नसते. कलम ५ नुसार परवान्याशिवाय हत्यार बनवणे, विकणे, बदलणे, दुरुस्त करणे, तपासणे यांस मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान सात वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप अशी शिक्षा आहे. नुसते बेकायदा बाळगले तरी दोन ते पाच वर्षे.

लेथवाले, वेल्डर, स्प्रिंग बनवणारे, गॅरेजवाले यांनी हे ध्यानात ठेवावे. चोपडा तालुक्याला लागून मध्य प्रदेशातील उमर्टी परिसर आहे. तेथून येणारी गावठी पिस्तुले जळगाव-धुळे पोलिसांनी पकडल्याच्या बातम्या आपण वारंवार वाचतो. असे एखादे हत्यार घेऊन कोणी दुकानात येतो आणि म्हणतो, "मिस्त्री, एवढी पिन बसवून द्या." ओळखीचा असतो, पैसेही बरे देतो. पिन पन्नास रुपयांची, पण शिक्षा सात वर्षांची. "हे काम आमच्याकडे होत नाही" एवढेच सांगून त्याला परत पाठवावे, वस्तू हातातही घेऊ नये. परवान्याचे हत्यार आले तरी उत्तर हेच. शिवाय गावठी हत्याराच्या पोलादाचा भरवसा नसतो. झाडणाऱ्याच्या हातातच नळी फुटू शकते.

मालकानेही नोकराच्या हाती हत्यार देऊन "साफ करून आण" म्हणू नये. दुरुस्तीसाठी न्यायचे असेल तर कायद्याने सवलत ठेवली आहे : परवानाधारक सोबत असावा, किंवा नेणाऱ्याजवळ त्याचे लेखी अधिकारपत्र असावे. दुरुस्तीवाला परवानाधारक आहे याची खात्री करावी आणि हत्याराचा क्रमांक लिहिलेली पावती घ्यावी. परवान्याची मुदत २०१९ पासून पाच वर्षांची झाली आहे, व एका माणसाला दोनच हत्यारे ठेवता येतात. परवानाधारक वारला तर वारसांनी हत्यार कपाटात न ठेवता पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे. 'अब्बांची आठवण' म्हणून घरात ठेवलेले पिस्तूल कायद्याच्या नजरेत बेकायदा ठरते.

आणि निष्काळजीपणाने गोळी सुटून कोणी दगावले, तर परवाना मालकाला वाचवत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ प्रमाणे पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. घरचेच माणूस गेले तर त्या कैदेपेक्षा मोठी शिक्षा आधीच झालेली असते.

२०१६ च्या शस्त्र नियमांत परवाना मागणाऱ्यासाठी सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाची तरतूद आहे. ज्यांनी त्याआधी परवाना घेतला, त्यांनीही ते प्रशिक्षण घ्यावे असे आम्ही सुचवतो. आपल्याच जिल्ह्यात वरणगावला १९६४ पासून काडतुसांचा सरकारी कारखाना आहे. दारूगोळ्याच्या कारखान्यात रोज तेच काम करणाऱ्या जुन्या कामगारालाही दारात काडेपेटी बाहेर ठेवावी लागते; सवय झाली म्हणून सूट मिळत नाही. वर्षातून एकदा हत्यार हाती घेणाऱ्या व्यापाऱ्याने तर नियम अधिकच पाळायला हवेत.

त्या कापूस व्यापाऱ्यांनी कपाटाचे छिद्र अजून बुजवलेले नाही. मुद्दाम ठेवले आहे, असे ते सांगतात. आता ते पिस्तूल काढतात तेव्हा पुतण्याला बाहेर पाठवतात, वाळूची बादली ओढून घेतात आणि मोठ्याने म्हणतात : "आधी मॅगझिन, मग चेंबर." ज्या बंधूंकडे हत्यार आहे त्यांनी हे चार शब्द कपाटाच्या आतील बाजूस लिहून ठेवावेत.